मार्गदर्शी धारवा, मोटारगाडीतील

क्लचच्या मोटारगाडीत, गिअरपेटीतून पुढे आलेल्या दंडाच्या टोकाला एंजिनाच्या भुजादंडाच्या मागील तोंडाशी मध्यभागी आधार देणारा लहान धारवा. कारागिरांच्या भाषेत त्याला ‘पायलट बेअरिंग’ आणि तो साध्या नळीच्या रूपात असल्यास ‘पायलट बुश’ म्हणतात. ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांच्या पुस्तिकांतून ‘स्पिगट बुश’ हे नाव आढळते. हा भाग अंगठ्याच्या पेराएवढा व किंमतीने किरकोळ असतो; परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरपेटी किंवा एंजिन उतरवावे लागते. त्यामुळे जुन्या गाडीच्या दुरुस्तीत त्याचे महत्त्व त्याच्या आकाराच्या व किंमतीच्या मानाने पुष्कळच मोठे आहे. तो बदलणे कठीण नाही. तो का झिजला हे न पाहता बदलला, तर मात्र तेच काम थोड्याच दिवसांत पुन्हा करावे लागते.

रचना व कार्य : एंजिनाची शक्ती भुजादंडाकडून (क्रँक शाफ्टकडून) त्याच्या मागील तोंडाशी बसविलेल्या प्रचक्राकडे (फ्लायव्हीलकडे) व तेथून क्लचच्या तबकडीमार्फत गिअरपेटीच्या आदान दंडाकडे जाते. तबकडी या दंडावरील उभ्या खाचांवर मागेपुढे सरकू शकते, पण दंडाशिवाय फिरू शकत नाही. आदान दंडाचा मागील भाग गिअरपेटीच्या पुढील भिंतीतील मोठ्या गोलक धारव्यात टेकलेला असतो. तेथून पुढे दंडाची बरीच लांबी निराधार राहते आणि तबकडीचा भार नेमका या निराधार लांबीवर येतो. दंडाचे पुढील टोक बारीक करून ते भुजादंडातील किंवा प्रचक्रातील खळग्यात बसविलेल्या मार्गदर्शी धारव्यात शिरविले, म्हणजे दंडाला दुसरा आधार मिळतो व एंजिन आणि गिअरपेटी यांचे अक्ष एका रेषेत राहतात. ज्या गाड्यांत एंजिन आडवे असून पुढील चाकांना गती दिली जाते, त्यांपैकी पुष्कळांत आदान दंड आखूड असतो व त्याचे दोन्ही आधार गिअरपेटीतच असतात; तेथे या धारव्याची गरज उरत नाही.

या धारव्याचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. क्लचचे पायटे सोडलेले असताना प्रचक्र, तबकडी व आदान दंड हे सर्व एकाच वेगाने फिरतात. धारवा दंडाबरोबर फिरत असतो, पण दंड व धारवा यांच्यात परस्परसापेक्ष गती मुळीच नसते. गाडी शंभर किमी. सरळ रस्त्याने धावली, तरी त्या वेळात हा धारवा जवळजवळ काहीच काम करीत नाही. पायटे दाबले की तबकडी मोकळी होते, दंडाचा व प्रचक्राचा वेग निराळा होतो आणि त्याच वेळी धारव्याला काम पडते. पहिला गिअर टाकून, पायटे पूर्ण दाबून गाडी चौकात उभी असेल, तर दंड स्थिर असतो व एंजिन मंदगतीने, म्हणजे मिनिटास सु. ८०० फेरे या वेगाने, त्याच्याभोवती धारवा फिरवीत असते. दोन मिनिटांच्या थांब्यात धारवा १,६०० फेरे घासला जातो. गाडी तटस्थ स्थितीत ठेवून पायटे सोडणाऱ्या चालकाच्या गाडीत याच थांब्यात त्याची झीज शून्य असते. शहरात चालणारी गाडी व लांब पल्ल्याची गाडी यांच्या धारव्यांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो तो यामुळे. किती किमी. नंतर धारवा बदलावा, याचा ठराविक आकडा सांगण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

प्रकार : मार्गदर्शी धारवे मुख्यतः तीन प्रकारचे असतात. जुन्या गाड्यांत सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे सच्छिद्र ब्राँझची नळी. भारतात दीर्घकाळ प्रचारात असलेल्या दोन वाहनांत हीच योजना होती. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या व १९५७ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाडा (पश्चिम बंगाल) येथे तयार झालेल्या अँबॅसडर गाडीच्या १,४८९ घ. सेंमी. एंजिनाचा भुजादंड असा बुश सामावणारा होता. विलिज जीपच्या चार सिलिंडरी एंजिनातही बुशच असे. या जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू झाली. या नळीसाठी साधारणपणे ९० टक्के तांबे व १० टक्के कथिल यांची चूर्णे साच्यात दाबून तापपिंडन करतात. चूर्णाचे कण एकमेकांना चिकटतात, पण त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. एकूण घनफळाच्या जवळजवळ पंचमांश असलेल्या या पोकळ्यांत तेल भरून ठेवता येते. दंड घासू लागून उष्णता निर्माण झाली की तेल पृष्ठावर येते. थांबल्यावर बरेचसे पुन्हा आत शोषले जाते. गाडी एकदा जुळविल्यावर या जागी तेलाचा थेंबही पोहोचविणे शक्य नसल्याने, स्वतःचे वंगण स्वतःजवळ बाळगणारा हा पदार्थ येथे विशेष सोयीचा ठरतो.

दुसरा प्रकार गोलक धारव्याचा. अनेक जपानी गाड्यांत तो प्रमाणित मापांचा (उदा., १२ मिमी. भोक, ३२ मिमी. बाह्य व्यास व १० मिमी. रुंदी) असतो. अशा गाडीचा निर्माता सुटे भाग पुरवीनासा झाला, तरी बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात तंतोतंत मापाचा धारवा मिळू शकतो. जुन्या गाडीच्या मालकाला याचे मोल कळते. दोन्ही बाजूंनी रबरी झाकणे असलेला व अधिक तापमानास टिकणाऱ्या ग्रीजने भरलेला नमुना घेणे श्रेयस्कर असते. तिसऱ्या प्रकारात सुईसारखे बारीक रूळ असतात. फोक्सवॅगन बीटल गाडीत प्रचक्र घट्ट करणाऱ्या ३६ मिमी.च्या मोठ्या नटाच्या पोटातच असा धारवा बसविलेला आहे. तो नट सु. ३० किग्रॅ.-मीटर परिबलाने आवळावा लागतो. मात्र या गाडीत एंजिन मागे असून चार मुख्य बोल्ट काढल्यावर ते खाली उतरते, त्यामुळे धारव्यापर्यंत पोहोचणे तुलनेने सुकर आहे.

बुशाच्या जागी रुळांचा धारवा बसविला की सुधारणा होते, अशी समजूत आहे. ती सरसकट खरी नाही. रुळांना दंडाच्या टोकाचा पृष्ठ कठीण व गुळगुळीत लागतो. वर्षानुवर्षे बुशात घासून किंचित निमुळत्या झालेल्या टोकावर रूळ ठेवले तर ते थोड्याच काळात दंडावर चरे पाडतात. शिवाय अक्षांत थोडासा फरक असला तरी मऊ बुश झिजून जातो व महागडा दंड वाचतो. रुळांच्या धारव्यात ही झीज दंडाच्या वाट्याला येते.

बिघाडाची लक्षणे : क्लचच्या परिसरातून येणाऱ्या आवाजाचे कारण ओळखण्यात बरीच चूक होते, कारण तेथे तीन निरनिराळे धारवे जवळजवळ असतात. कोणता धारवा केव्हा फिरतो याचा विचार केल्यास त्यांची फोड करता येते. गाडी तटस्थ स्थितीत, एंजिन चालू व पायटे सोडलेले असताना घरघर येत असेल आणि पायटे पूर्ण दाबल्यावर ती थांबत असेल, तर दोष गिअरपेटीच्या पुढील गोलक धारव्यात असतो. पायट्यावर पाय नुसता टेकवताच, त्यातील ढिलाई संपेपर्यंत दाबल्यावर, आवाज सुरू होत असेल तर तो क्लच सोडविणाऱ्या रिलीज बेअरिंगचा होय. (मॉरिस मायनर, एमजीबी इ. ब्रिटिश गाड्यांत या जागी गोलकांऐवजी कार्बनचे कडे असते. ते झिजून संपेपर्यंत फारसे बोलत नाही.) गाडी उभी ठेवून, गिअर टाकून व पायटे पूर्ण दाबून धरल्यावरच आवाज येत असेल, तर संशय मार्गदर्शी धारव्यावर घ्यावा. कोरड्या पडलेल्या बुशाचा आवाज कण्हल्यासारखा लांबट असतो. फुटक्या गोलक धारव्याचा खरखरीत असतो.

आवाज न करणारा बिघाड अधिक फसवा असतो. तेल संपलेला बुश दंडाच्या टोकाला धरू लागला, तर पायटे दाबून तबकडी मोकळी झाल्यावरही एंजिन दंडाला आपल्याबरोबर ओढत राहते. अशा गाडीत रिव्हर्स गिअर, किंवा अँबॅसडरसारख्या गाडीत समवेगी योजना नसलेला पहिला गिअर, टाकताना दाते करकरतात. काही सेकंद थांबून पाहिले तरी करकर जात नाही. कारागीर पायट्याची लांबी पुन्हा पुन्हा जुळवितो, द्रवीय यंत्रणेतील हवा काढतो आणि गुण येत नाही. वाकडी झालेली तबकडी किंवा गंजून अडकणाऱ्या खाचा यांमुळेही हेच लक्षण दिसते, म्हणून अंतिम निर्णय गिअरपेटी उतरविल्यावरच होतो. उलट, बुश झिजून मोठा झाला असेल तर दंडाचे टोक वळवळते. गाडी हलताना थरथरते, तबकडीच्या मध्यभागी खाचा एकीकडून झिजतात आणि कालांतराने गिअरपेटीच्या पुढील धारव्यातून तेल गळून क्लचवर येते. तेलाने भिजलेली तबकडी बदलूनही ती पुन्हा भिजत असेल, तर मूळ या लहानशा बुशात शोधावे.

उतरविणे : गिअरपेटीचे वजन सु. ३० किग्रॅ. किंवा त्याहून अधिक असते आणि ती गाडीखाली निजून काढावी लागते. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. गाडी सपाट व टणक जमिनीवर भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवून, चाकांना अटकाव करूनच काम सुरू करावे. प्रथम बॅटरीची तार सोडवितात. मागील चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी त्याच्या जोडावर खुणा कराव्यात, म्हणजे तो पूर्वीच्याच स्थितीत बसतो व त्याचा समतोल बिघडत नाही. वेगदर्शकाची केबल, गिअर बदलण्याच्या सळ्या, क्लचचा जोड व बहुधा स्टार्टरही सोडवावा लागतो. एंजिनाच्या तेलपात्राखाली लाकडी ठोकळा घालून आधार दिल्यावर गिअरपेटीचे बोल्ट काढून ती सरळ मागे ओढतात. दंडाचे टोक तबकडीच्या मध्यातून पूर्ण बाहेर येईपर्यंत पेटीचा भार तबकडीवर लोंबकळू देऊ नये. तसे झाल्यास तबकडीचा मध्य वाकतो आणि चांगला भागही निकामी होतो.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करीत सैल करतात. जुन्या तबकड्यांच्या अस्तरात पुष्कळदा ॲस्बेस्टस असे. तेथील काळी धूळ हवेच्या झोताने उडविण्याची कारखान्यांतील सवय फुप्फुसांस घातक आहे. ती ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बांधून टाकावे.

जुना धारवा काढणे : बुश भुजादंडाच्या आंधळ्या खळग्यात बसलेला असल्याने त्याला मागून ठोकता येत नाही. त्यासाठी आतून पसरणाऱ्या नख्यांचा, सरकत्या वजनाचा पुलर मिळतो. तो नसल्यास कारागीर एक जुनी युक्ती वापरतात व तीत द्रवीय दाबाचे तत्त्व उत्तम दिसते. बुशाच्या भोकात ग्रीज गच्च भरून त्यात भोकाच्या मापाचा गुळगुळीत पोलादी दांडा घालतात व त्यावर हातोडा मारतात. बंदिस्त ग्रीजमध्ये दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचत असल्याने तो बुशाच्या मागील कडेवर येतो आणि बुश हळूहळू बाहेर सरकतो. दांडा ढिला असेल तर ग्रीज बाजूने उसळून तोंडावर उडते. म्हणून डोळ्यांना चष्मा हवा. मोकळ्या गोळ्यांच्या धारव्यातून ग्रीज निसटते, तेथे ही युक्ती चालत नाही. काही कारागीर ग्रीजऐवजी ओल्या कागदाचा किंवा पावाचा लगदा भरतात, आणि तो खरोखरच काम करतो. शिवाय नंतरची सफाई सोपी होते. ग्रीज वापरले असेल, तर खळग्याच्या तळाशी उरलेले सर्व ग्रीज काढणे आवश्यक आहे. एंजिन तापल्यावर ते पातळ होऊन नव्या तबकडीवर पसरते. छिन्नीने बुश फोडून काढण्याची पद्धत शेवटचा उपाय म्हणूनच वापरावी, कारण खळग्याला पडलेला एक चरादेखील नव्या बुशाला तिरपा बसवितो आणि भुजादंड काही सहज बदलण्याजोगा भाग नाही.

काढलेला बुश फेकून देण्यापूर्वी निरखावा. भोक सर्व बाजूंनी सारखे मोठे झाले असेल तर ती वयोमानाची झीज होय. ते अंडाकृती झाले असेल, किंवा पुढच्या कडेला एका बाजूस व मागच्या कडेला विरुद्ध बाजूस झिजले असेल, तर एंजिन व गिअरपेटी यांचे अक्ष जुळलेले नाहीत. दोन्ही अक्ष एका रेषेत असतील तर मार्गदर्शी धारव्यावर आडवा भार जवळजवळ नसतोच. तेव्हा अशा तऱ्हेने झिजलेला बुश हा रोग नसून रोगाची खूण आहे.

नवा धारवा बसविणे : सच्छिद्र बुश बसविण्यापूर्वी निदान एक रात्र एंजिनाच्या तेलात बुडवून ठेवतात. घाई असल्यास बुशाचे खालचे तोंड अंगठ्याने बंद करून तो तेलाने भरतात व वरचे तोंड दुसऱ्या अंगठ्याने जोराने दाबतात. बाहेरील पृष्ठावर घामासारखे बारीक थेंब फुटले म्हणजे बुश नीट भिजला. या बुशाला ग्रीज लावू नये, त्याने छिद्रे बुजतात. गोलक व रुळांच्या धारव्यांना याउलट ग्रीजच लागते. अनेक भाग आज मूळ उत्पादकाकडून मिळत नाहीत व बाजारात लोहमिश्रित चूर्णाचे स्वस्त बुशही येतात. जवळ चुंबक धरून पाहावे. मूळ भाग ब्राँझचा असून नवा बुश चुंबकाला चिकटत असेल, तर तो दंडाचे टोक खाण्याचा संभव असतो.

बुश खळग्यात आवळून बसतो. तो काही तास शीतपेटीत ठेवला तर काम हलके होते : २८ मिमी. व्यासाचा ब्राँझचा बुश ३०° से. वरून -१५° से. पर्यंत थंड केल्यास त्याचा व्यास सु. ०·०२ मिमी.ने कमी होतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, हातोड्याला मात्र जाणवतो. बुशाच्या भोकात जाणारी पायरी व बुशाच्या कडेवर टेकणारा खांदा असलेला दांडा लेथवर कातून घेऊन त्यावर हलके, सरळ ठोके द्यावेत. गोलक धारवा बसविताना बल फक्त बाहेरील कड्यावर पडले पाहिजे. आतील कड्यावर ठोकल्यास गोळ्यांच्या मार्गात खळगे पडतात व नवा धारवा पहिल्याच दिवसापासून आवाज करतो. आवळल्यामुळे बुशाचे भोक किंचित लहान होते, हे धरूनच चांगला बुश बनविलेला असतो. तो दाबून बसविल्यावर दंड किंवा त्याच मापाचा दांडा भोकात हाताने फिरवून पाहावा. साधारणपणे ०·०५ ते ०·१० मिमी. मोकळीक योग्य समजतात. दंड अडत असेल तर बोथट रीमरने भोक मोठे करण्याचा मोह होतो. पण त्यामुळे ब्राँझ पृष्ठावर माखले जाऊन छिद्रे मिटतात. धारदार हत्याराने एकच हलका काप घेणे किंवा दुसरा बुश घेणे बरे.

अक्ष जुळविणे : जुन्या बुशाची झीज एकीकडची असेल तर या टप्प्यावर वेळ देणे भाग आहे. भुजादंडाच्या तोंडाला दर्शक मापक (डायल गेज) बांधून एंजिन हाताने फिरवितात व गिअरपेटी बसण्याच्या गोल भोकाची विकेंद्रता मोजतात. मापकाच्या एका पूर्ण फेऱ्यातील फरक हा प्रत्यक्ष विकेंद्रतेच्या दुप्पट असतो, हे विसरू नये. सु. ०·१३ मिमी.हून अधिक विकेंद्रता सामान्यतः सदोष मानतात. कारण बहुधा साधेच असते : दोन तोंडांमध्ये अडकलेला गंज किंवा रंगाचा थर, पूर्वीच्या दुरुस्तीत हरवलेल्या स्थाननिर्धारक खुंट्या, किंवा दुसऱ्या गाडीचे बसविलेले आवरण. खुंट्या हरवल्या असतील तर बोल्टांच्या भोकांतील ढिलाईएवढी गिअरपेटी कोठेही बसू शकते व तिला योग्य जागी आणणारे दुसरे काहीच उरत नाही. बाजारात विकेंद्री खुंट्याही मिळतात; त्या ठराविक प्रमाणात वळवून आवरण मध्यावर आणता येते.

शेवटची जुळणी करताना तबकडी मध्यावर ठेवण्यासाठी जुना आदान दंड किंवा तशाच आकाराचा लाकडी दांडा तबकडीतून नव्या धारव्यात घालतात व प्रेशर प्लेटचे बोल्ट क्रमाक्रमाने आवळतात. त्यानंतर गिअरपेटी पुढे सरकवावी. ती शेवटचे एकदोन सेंमी. अडली, तर बोल्ट आवळून तिला आत ओढून घेण्याची चूक सर्रास होते. अशा वेळी दंडाचे टोक बुशाच्या कडेवर टेकलेले असते. बोल्टाच्या बळाने बुश तडकतो किंवा पेटीचा कान मोडतो. पेटी किंचित मागे घेऊन, गिअर टाकून मागील दंड हाताने थोडा फिरविल्यास खाचा जुळतात आणि दोन्ही तोंडे हाताच्या जोरानेच एकमेकांना भिडतात. ती तशी भिडल्यावरच बोल्टांना पाना लावावा. नंतर पेटीतील तेल भरून, पायट्याची ढिलाई जुळवून, गाडी घोड्यांवरच असताना पायटे दाबून रिव्हर्स गिअर टाकून पाहतात. तो आवाज न होता पडला की गाडी खाली उतरविण्यास हरकत नाही.